स्नॉर्कलच्या आधी मोजपट्टी

प्रश्न थोडक्यात असा आहे: सेकंडहँड घेतलेली डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह, कंपनीची वॉरंटी अजून वर्षभर शिल्लक. वापर बहुतेक कच्च्या रस्त्यांवर. महिन्यातून एखाद्या वेळी चार-पाच गाड्यांच्या रांगेत धुळीची वाट, आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्याचे ओढे. बरोबरच्या दोघांच्या गाड्यांना स्नॉर्कल (इंजिनची हवा छपराच्या उंचीवरून आणणारी बाहेरची नळी) आहे आणि त्यांचं म्हणणं, 'पहिलं काम तेच कर.' डीलर म्हणतो, फेंडरला (पुढच्या चाकावरच्या पत्र्याला) भोक पाडलंत तर वॉरंटी विसरा. मग बसवावा का? आणि नाही बसवला तर एखाद्या दिवशी इंजिन जाईल का?

मी वर्कशॉप चालवतो. पाण्यातून ओढून आणलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, स्नॉर्कल बसवून द्या म्हणणारेही येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना मी 'आत्ता नको' असं सांगून परत पाठवतो. तुम्हाला स्नॉर्कलबद्दल विचारायचंय, पण त्याच्या आधी एक प्रश्न सोडवायला हवा: तुमच्या गाडीत पाणी सगळ्यात आधी कुठून शिरेल, आणि तुम्ही ज्या पाण्यात जाता ते तिथवर पोचतं का? हे कळलं की निम्मं काम झालं. गाडी कुठली, ओढा कसा, वर्षातून किती वेळा, गाडी किती वर्षं ठेवायची, यावर बाकीचं ठरतं. त्यामुळे खाली मी माझा हिशोब मांडतो. आकडे तुमच्या गाडीचे भरा.

स्नॉर्कल एकच काम करतो. इंजिन जिथून हवा ओढतं ते तोंड फेंडरच्या आतून काढून छपराच्या उंचीला नेतो. एवढंच. पण ते एवढंच काम किती मोलाचं, हे बघायला दोन लिटरचं, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन धरा. एका सिलिंडरच्या वाट्याला ५०० मिली येतात. कॉम्प्रेशन रेशो १६:१ असेल, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या सोळापट असेल, तर पिस्टन अगदी वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा होते साधारण ३३ मिली. हवा तेवढ्या जागेत दाबून बसते, पाणी बसत नाही. म्हणजे एका सिलिंडरमध्ये दोन-अडीच मोठे चमचे पाणी गेलं की त्या पिस्टनला वर जायला जागाच नाही. पण फ्लायव्हील आणि बाकीचे तीन सिलिंडर त्याला वर रेटतच असतात. मग मधलं जे कमजोर ते वाकतं, आणि बहुधा तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा असतो. हेच इंजिन २००० आरपीएमला, टर्बो बाजूला ठेवला तरी, मिनिटाला २००० लिटर हवा ओढतं. म्हणजे सेकंदाला ३३ लिटर. इतक्या ओढीसमोर इनटेकचं, म्हणजे हवा ओढायच्या नळीचं तोंड क्षणभर जरी पाण्याखाली गेलं तरी दोन-तीन चमचे ही काही मोठी मागणी नाही.

डिझेलवाल्यांनी इथे जास्त सावध राहावं. जुन्या पेट्रोल गाड्या पाण्यात आधी डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना स्पार्क वाटून देणारा भाग) ओला होऊन बंद पडायच्या. चालवणारा वैतागायचा, पण इंजिन वाचायचं. डिझेलला स्पार्क लागत नाही. ते शेवटच्या क्षणापर्यंत बिनतक्रार चालत राहतं आणि थेट पाणी पितं.

यात एक फसवा प्रकार आहे. पाणी थोडंच गेलं, इंजिन बंद पडलं, कुणीतरी सुकवलं, सुरू झालं. मालक खूश. काही दिवसांनी गाडी येते ती 'थोडा ठकठक आवाज येतोय, पिकअप कमी झालाय' म्हणून. सिलिंडर हेड उतरवलं की एका सिलिंडरच्या वरच्या कडेला काजळीचा पट्टा बाकीच्यांपेक्षा रुंद दिसतो. डायल गेज लावून चारही पिस्टन वरच्या टोकाला आणून मोजले की तोच एक इतरांपेक्षा खाली राहिलेला असतो. रॉड वाकून आखूड झालेला. असा रॉड कधीतरी रस्त्यावर तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून 'पाण्यात बंद पडली होती पण आता ठीक आहे' हे वाक्य ऐकलं की मी आधी कॉम्प्रेशन तपासतो.

आता मोजायला लागू. बॉनेट उघडा, एअर फिल्टरचा डबा शोधा आणि हवेच्या उलट दिशेने, म्हणजे बाहेरच्या बाजूला, नळीचा माग काढा. काही गाड्यांत इनटेकचं तोंड रेडिएटरच्या वर, बॉनेटच्या ओठाशी असतं. काहींत हेडलाइटच्या मागे. काहींत नळी फेंडरच्या आत शिरून खाली वळते आणि चाकाच्या वरच्या पोकळीत उघडते. हे तोंड बाहेरून दिसतच नाही, त्यासाठी चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर सोडवावं लागतं. सपाट जागी गाडी उभी करून जमिनीपासून त्या तोंडाच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजा. मग डब्याच्या तळाची उंची मोजा, कारण पाणी नळीतूनच येईल असं नाही, डब्याच्या सांध्यातूनही येतं. या दोहोंत जे खाली, तो तुमचा इंजिनपुरता आकडा. त्यातून चांगली वीतभर वजा करा. ओढा सपाट नसतो, पुढचं चाक खड्ड्यात गेलं की नाक खाली जातं, आणि पाण्यात शिरताना पुढे उसळी येतेच.

ही मोजणी केल्यावर बरेच जण गप्प होतात. आपला ओढा गुडघ्याएवढा, म्हणजे साधारण ५० सेंमी, आणि इनटेक मीटरभर उंच. अशा गाडीला त्या ओढ्यासाठी स्नॉर्कल लागत नाही. उलट एखाद्याचं निघतं ६५ सेंमीवर, आणि त्याने आजवर ते पाहिलेलंच नसतं. त्याला मी 'बसवा' म्हणतो, किंवा निदान त्या ओढ्यात जाणं थांबवा म्हणतो.

इथे सगळ्यात मोठा गैरसमज येतो: स्नॉर्कल बसवला की गाडी छातीभर पाण्यात जाते. कंपन्यांचे आकडेच बघा. फोर्स गुरखाला कंपनीचाच स्नॉर्कल येतो आणि पाण्याची अधिकृत मर्यादा आहे ७०० मिमी. महिंद्रा थारला स्नॉर्कल नाही, मर्यादा ६५० मिमी. आताच्या फोर्ड रेंजरला स्नॉर्कल नसताना ८०० मिमी. नवी लँड रोव्हर डिफेंडर एअर सस्पेन्शन उंच केल्यावर ९०० मिमी सांगते, तीही स्नॉर्कलशिवाय. म्हणजे हा आकडा नळीच्या उंचीवर ठरत नाही. कंपनी इनटेक, वायरिंग, ब्रीदर, सील या सगळ्यांत जे सगळ्यात आधी हार मानतं त्यावर मर्यादा ठरवते. तुम्ही इनटेक दोन मीटरवर नेलात, तरी अल्टरनेटर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आपल्या जागीच आहेत. शिवाय हे आकडे धडधाकट सील असलेल्या गाडीचे, संथ पाण्यातले आणि सावकाश वेगाचे. सेकंडहँड गाडीने त्यांच्यावर हक्क सांगू नये.

मग आधी हार मानतं कोण? माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येतात ते डिफरन्शियल, थोडक्यात डिफ: ॲक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा. आणि हा भाग कोणी विचारतच नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारा डबा), या सगळ्यांना श्वास घ्यायला एकेक छोटा ब्रीदर, म्हणजे हवेची वाट असते. गाडी तासभर पळाली की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. आता हाच तापलेला ॲक्सल तुम्ही थंड ओढ्यात बुडवलात. आतली हवा ८० अंशांवरून २५ अंशांवर आली तर तिचं आकारमान जवळजवळ सहाव्या हिश्श्याने कमी होतं. ती उणीव भरायला आत काहीतरी ओढलं जाणारच. ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून पाणी. ब्रीदरला चिखलाने बूच बसलेलं असेल तर ऑइल सीलच्या ओठातून पाणी, कारण तो ओठ आतलं तेल अडवायला केलेला आहे, बाहेरचं पाणी अडवायला नाही. इंजिनला काहीच होत नाही, तुम्ही हसत पलीकडे जाता. महिन्याभराने डिफचा ड्रेन प्लग काढला की आधी थोडं पाणी येतं आणि मागून दुधाळ, पातळ झालेलं तेल. तोवर बेअरिंगवर गंजाचे ठिपके आलेले असतात. आणि यासाठी छातीभर पाणी लागत नाही. ॲक्सल बुडेल एवढं, म्हणजे तुमच्या गुडघाभर ओढ्याएवढं पाणी पुरतं.

उपाय साधा आहे. मूळ ब्रीदरच्या जागी नळीचं कनेक्टर बसवायचं, नळी बॉनेटखाली उंचावर न्यायची आणि टोकाला छोटा फिल्टर लावायचा. नळीला मध्ये झोळ ठेवायचा नाही, पाणी साठतं. ॲक्सल पूर्ण खाली लटकला तरी नळी ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवायची, आणि सायलेन्सरपासून लांब बांधायची. काही गाड्यांत कंपनीने हे आधीच केलेलं असतं, तेव्हा खाली वाकून बघा. स्नॉर्कलच्या मानाने हे काम किरकोळ आहे, एका दुपारी होतं आणि कुठेही भोक पाडावं लागत नाही. कोणी मला विचारलं की पाण्यासाठी पहिलं काम कोणतं, तर माझं उत्तर कायम हेच असतं.

बाकीची मंडळी पटकन सांगतो. पंखा: व्हिस्कस फॅन (इंजिनच्या ताकदीवर फिरणारा रेडिएटरचा पंखा) फिरत असताना खोल पाण्यात गेला की पाती पुढे वाकून रेडिएटरला घासू शकतात, म्हणून जाणते लोक नाकावर ताडपत्रीचा पडदा बांधतात. इलेक्ट्रिक पंखा अचानक सुरू झाला तर तोही पाणी फेकतो किंवा जळतो. क्लच: पाण्यात क्लच दाबला की प्लेट मोकळी होते आणि मध्ये पाणी-चिखल जातो, म्हणून पाण्यात गिअर बदलायचा नाही. जुन्या लँड रोव्हरमध्ये क्लच हाउसिंगच्या तळाला भोक असायचं आणि खोल पाण्यात जाण्याआधी तिथे स्क्रूचं बूच बसवायची सोय होती, तीही हे पाणी आत शिरू नये म्हणूनच. फ्यूज बॉक्स, ईसीयू, सीटखालचे कनेक्टर: प्रत्येकाची उंची मोजा आणि लिहून ठेवा.

एक गोष्ट मात्र पटकन सोडून देण्यासारखी नाही: गाडी तरंगते. तळाच्या प्रत्येक चौरस मीटरखाली १० सेंमी पाणी चढलं की ते १०० किलो उचलतं. चार मीटर लांब, १.७ मीटर रुंद गाडीचा तळ साधारण पावणेसात चौरस मीटर. दारं घट्ट असतील तर तळाच्या वर १० सेंमी पाण्यातच साडेसहाशे किलोंच्या आसपास वजन चाकांवरून उतरतं. चाकांवरचं वजन गेलं की पकड गेली, आणि वाहत्या पाण्यात पकड गेली की गाडी तुमची राहत नाही. छोट्या गाड्या वाहत्या पाण्यात ३० सेंमीवरही वाहून जातात, आणि ६० सेंमी जोराचा प्रवाह एसयूव्ही आणि पिकअपही नेतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. स्नॉर्कल यातलं काहीच बदलत नाही. माझं स्पष्ट मत आहे की स्नॉर्कलचा सगळ्यात मोठा तोटा हाच: तो बसवला की माणूस हातभर जास्त खोल जायला धजावतो.

इथवर वाचून वाटेल मी स्नॉर्कलच्या विरोधात आहे. नाही. धुळीसाठी मी तो आनंदाने बसवतो.

तुमच्या प्रश्नात ओढ्यापेक्षा मला महत्त्वाची वाटली ती रांगेतली धुळीची वाट. रांगेत पुढची गाडी जी धूळ उडवते ती बॉनेटच्या उंचीला सगळ्यात दाट असते, आणि तुमचंच पुढचं चाक फेंडरच्या पोकळीत आणखी भर टाकतं. इनटेक तिथेच असेल तर फिल्टरवर दिवसभर मारा होतो. छपराच्या उंचीला धूळ विरळ असते. नसतेच असं नाही. वारा पडलेला असेल आणि गाड्या एकमेकींना चिकटून चालल्या असतील तर वरही भरपूर येते. पण फिल्टर जास्त दिवस टिकतो, आणि इंजिनच्या पिस्टन-रिंगांची आणि सिलिंडरच्या भिंतींची झीज बरीचशी बारीक वाळूनेच होते. रांगेत अंतर वाढवणं हा त्याहून स्वस्त उपाय आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

धुळीसाठी स्नॉर्कल घ्यायच्या आधी एक तपासणी करा. धुळीच्या फेरीनंतर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टरची बाहेरची बाजू मळलेली असणारच, तिकडे लक्ष देऊ नका. फिल्टर काढून डब्याच्या आतल्या, इंजिनकडच्या बाजूला पांढरं कापड बोटाला गुंडाळून फिरवा. कापड स्वच्छ निघालं तर फिल्टर त्याचं काम करतोय. कापडावर मातकट रेघ उमटली तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जातेय: रबरी कड बसलेली नाही, क्लिप तुटलीय किंवा फिल्टर भलत्या मापाचा आहे. या गाडीला स्नॉर्कल लावून काही साधणार नाही, आधी ती कड नीट करा.

पावर वाढते का? विक्रेते सांगतात की पुढे तोंड असलेला स्नॉर्कल वेगात हवा 'कोंबतो'. हिशोब करून बघा: ताशी १०० किलोमीटरला समोरच्या हवेचा जास्तीचा दाब साधारण ४६० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. लांब नळी आणि वळणांत तोही जातो. बॉनेटखालची गरम हवा ओढणाऱ्या एखाद्या गाडीला थंड हवेचा थोडा फायदा होईल, पण बहुतेक गाड्या फेंडरमधून बाहेरचीच हवा घेतात. पावरसाठी स्नॉर्कल घेऊ नका.

समजा मोजणी करून तुम्ही बसवायचं ठरवलंत. मग ज्या नळीकडे सगळे बघतात तिच्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते फेंडरच्या आतलं, न दिसणारं काम. बाजारात शोभेचे स्नॉर्कलही मिळतात, जे आत कशालाच जोडलेले नसतात. ते बाजूला ठेवू. खऱ्या स्नॉर्कलच्या बाबतीतही तीन जागा गळतात. पहिली, स्नॉर्कल आणि डबा जोडणारी फेंडरमधली नळी. दुसरी, कंपनीच्या रेझोनेटरची जागा: बऱ्याच गाड्यांत आवाज कमी करायला फेंडरमध्ये एक पोकळ डबा असतो, तो काढून टाकतात आणि त्याचं भोक तसंच राहतं. तिसरी आणि सगळ्यात दुर्लक्षित, फिल्टरच्या डब्याच्या तळाचं ड्रेन. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून तिथे उघडं भोक किंवा चपट्या ओठांची रबरी झडप असते. इंजिनच्या गरमीने ते रबर कडक होतं आणि ओठ फाकून राहतात. अशा गाडीला छपराएवढा स्नॉर्कल आहे, पण पाणी डब्याच्या तळाशी आलं की इंजिन तिथूनच ओढणार, कारण पाण्याला तीच वाट जवळची. झडप नवी घाला किंवा भोक पक्कं बंद करा. बंद केलंत तर मात्र डबा अधूनमधून उघडून आत पावसाचं पाणी साठलं नाही ना ते बघावं लागेल.

काम झालं की चाचणी घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. स्नॉर्कलचं डोकं, म्हणजे वरचं टोपण काढा, कारण बहुतेक डोक्यांना मागे पाणी निघून जायच्या फटी असतात आणि त्यामुळे चाचणी फसते. गाडी न्यूट्रलला, आयडलवर ठेवा. नळीच्या तोंडावर सपाट जाड रबर दाबून धरा. काही सेकंदांत इंजिनने धापा टाकून बंद पडायला हवं. ते निवांत चालत राहिलं तर त्याला दुसरीकडून हवा मिळतेय, आणि जिथून हवा मिळते तिथून पाणीही मिळेल. रेस देऊ नका. ओढीने मऊ नळी आत चेपते. आयडललाच चेपली तर तीही बदला. बसवणारा या चाचणीला टाळाटाळ करत असेल तर काय समजायचं ते समजा.

बाकीचे तोटे छोटे आहेत पण रोजचे आहेत. फेंडरच्या भोकाची कड उघडी राहिली तर गंज तिथूनच चालू होतो. प्राइमर आणि रंग लावून मगच बसवायला सांगा. वरचा आधार समोरच्या काचेच्या खांबावर स्क्रूने बसतो, आणि कर्टन एअरबॅग (खिडक्यांवरून पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत त्या खांबाच्या आतून काय जातं हे पाहिल्याशिवाय तिथे ड्रिल लावू देऊ नका. तोच खांब आता आणखी जाड दिसतो, वळणावर नजरेआड थोडं जास्त राहतं. टर्बोची शिट्टी कानाशी ऐकू येते. काहींना आवडते, लांबच्या प्रवासात बहुतेकांना नाही. दाट झाडीत फांद्या आधी त्यालाच धरतात. वॉरंटी, विमा आणि वाहनातल्या बदलांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. डीलरच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका, 'हा बदल केल्यास वॉरंटीतून नेमकं काय वगळणार' हे लेखी मागा. बऱ्याचदा उत्तर बोलण्यातल्यापेक्षा मवाळ निघतं, कधी जास्त कडकही.

स्नॉर्कल असो वा नसो, ओढ्यात उतरायची रीत तीच. आधी पायी जाऊन काठीने तळ बघा. जिथे तुम्हाला चालत जाववत नाही तिथे गाडी घालू नका. लांबून पळत आला असाल तर ॲक्सल जरा निवू द्या. लो रेंज (फोर-व्हील ड्राइव्हचे सावकाश, जोराचे गिअर), पहिला किंवा दुसरा गिअर, चालण्याच्या वेगाने आत शिरा आणि मग वेग किंचित वाढवून एकसारखा ठेवा. नाकापुढे लाट तयार होते आणि तिच्या मागे बॉनेटखाली पाण्याची पातळी थोडी उतरते. त्या लाटेच्या मागेच राहायचं. फार जोर केलात तर लाट बॉनेटवर चढते, मध्येच थांबलात तर ती परत फिरून आत येते. पुढची गाडी बाहेर पडेपर्यंत मागच्याने उतरू नये, तिच्या लाटा तुमच्या इनटेकवर येतात.

आणि पाण्यात इंजिन अचानक बंद पडलं तर किल्ली पुन्हा फिरवू नका. एकदाही नाही. पहिल्या झटक्याला वाचलेला रॉड या दुसऱ्या सेल्फला वाकू शकतो. न्यूट्रलला टाका, दोर लावून बाहेर ओढा, गिअरमध्ये टाकून धक्का मारायचा मोह टाळा. फिल्टर काढून हात लावा. कोरडा असेल तर कारण बहुधा वायरिंगमध्ये आहे. ओला असेल तर गाडी टोइंग करून न्या. ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन फिरवलं की आतलं पाणी त्या भोकांतून उडून निघतं, आणि मग कॉम्प्रेशन मोजूनच ते जोडायचं.

आता तुमच्यापुरतं. गुडघाभर ओढे आणि वॉरंटीचं एक वर्ष शिल्लक, हे बघता मी आज भोक पाडणार नाही. या आठवड्यात दोन्ही डिफचं तेल तपासा. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काय केलं ते तिथे दिसतं. ब्रीदर वर न्या, तेही डीलरला विचारून. फिल्टरच्या डब्याची कड आणि ड्रेनची झडप नवी करा. मित्रांच्या गाड्यांना स्नॉर्कल आहे म्हणून त्यांच्या मागोमाग त्यांच्या खोलीच्या पाण्यात उतरू नका. त्यांचे ब्रीदर कुठे आहेत ते एकदा विचारा, उत्तर ऐकण्यासारखं असेल. वॉरंटी संपल्यावर रांगेतली धुळीची वाट चालूच असेल आणि गाडी आणखी पाच-सहा वर्षं ठेवायची असेल, तर धुळीसाठी बसवा. तोंड फिरवता येणारं डोकं घ्या. दाट धुळीत ते मागे वळवता येतं. उन्हात न तडकणाऱ्या जाड पॉलिथिनचा स्नॉर्कल बघा, पातळ एबीएस प्लास्टिकचा नको.

एक अपवाद आहे. तुमचं इनटेक फेंडरमध्ये खाली वळून ६०-६५ सेंमीवर उघडत असेल तर माझं मत बदलेल, कारण मग गुडघाभर ओढ्यातला एक खड्डाही पुरेसा आहे. तेव्हा चाकाच्या कमानीतलं अस्तर सोडवा आणि मला तीन आकडे कळवा: इनटेकच्या तोंडाची उंची, फिल्टरच्या डब्याच्या तळाची उंची आणि ईसीयूची उंची. अस्तर काढलेलंच असेल तेव्हा आत रेझोनेटर आहे का तेही बघून ठेवा, कारण कुठलं किट घ्यायचं ते त्यावर ठरेल.